भेटीला आलेली सफरचंदं

विश्रांतवाडी, पुणे १५
रविवार, ६ जानेवारी २०१९

प्रिय नीरू,

वीस महिने पत्र नाही, फोन नाही, याबद्दल माफ कर. एवढं एक वाक्य लिहायला मला सकाळचा सव्वा तास लागला, आणि लिहून झाल्यावर लक्षात आलं की मी फक्त गप्प बसल्याची माफी मागितली आहे. बाकीचं पुढे बघू.

पत्र का, तर व्हॉट्सअ‍ॅपवर तू मला ब्लॉक केलं आहेस. ही तक्रार नाही, नोंद आहे. हिंजवडीला समक्ष यायचं तर जायला दोन तास, यायला दोन तास, आणि दार उघडल्यावर तू काय म्हणशील याची खात्री नाही. तू अमेरिकेत असतीस तर एव्हाना आपण भेटलो असतो. पत्रामुळे बाबा मात्र खूश आहेत. टपाल खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या मुलाने अखेर पाकीट विकत आणलं. पिनकोड त्यांनीच सांगितला, मी विचारला नव्हता.

गुरुवारी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. तुला माहीत असेलच. तू दर रविवारी त्यांना फोन करतेस आणि ते गॅलरीत जाऊन बोलतात, हे मला ठाऊक आहे. मी ऐकत नाही. म्हणजे, फार ऐकत नाही.

आता मुद्द्याचं. ऑपरेशन डोळ्याचं, पण भेटायला येणारा प्रत्येक जण सफरचंदं घेऊन येतो आहे. ताप आला की सफरचंद, हाड मोडलं की सफरचंद, डोळ्यात भिंग बसवलं तरी सफरचंद. तीन दिवसांत एकतीस झाली. बाबांची वरची कवळी सैल आहे. सफरचंदाला दात लावला की कवळी सफरचंदातच राहते. मैत्री म्हणते तिला त्याने पित्त होतं. हे पित्त लग्नाच्या अठरा वर्षांत प्रथमच ऐकलं. उरलो मी. आधी आलेलं आधी संपावं म्हणून मी प्रत्येक सफरचंदाच्या स्टिकरवर बॉलपेनने तारीख घातली. मैत्री म्हणाली, “आता त्यांची आधार कार्डं पण काढ.”

काल संध्याकाळी बाबा पट्टीखालून म्हणाले, “नीरजानं केलं होतं ना, भरलेलं सफरचंद. मऊ. तसं कर.”

“बाबा, ते तिने इलेक्ट्रिक कुकरमध्ये केलं होतं.”

“मग आपल्याकडे आहे ना तो? काहून माळ्यावर ठेवला?”

पुण्यात चव्वेचाळीस वर्षं झाली, पण चिडले की ते अमरावतीला परत जातात.

आहे खरा. तुझ्या गृहप्रवेशानंतर आठ दिवसांनी कुरिअरने आला होता. तो तू का पाठवलास हे मला तेव्हाच कळलं होतं: घ्या, आता तुम्हीच शिजवा आणि मोजून वाढा. म्हणून मी खोकं न उघडता माळ्यावर टाकलं. तुझ्या टोमण्याला मी टोमण्याने उत्तर दिलं नाही, एवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

त्या दिवसाबद्दलही एकदा स्पष्ट लिहितो, म्हणजे दोघांच्या आठवणी जुळतील. १४ मे २०१७. वंदना झाली, भंतेजी गेले, खीर झाली. मग तू बाबांना भरलेलं सफरचंद दिलंस. बाबांची उपाशीपोटीची साखर त्या आठवड्यात एकशे बेचाळीस होती. मी ताटली बाजूला केली आणि तो आकडा सांगितला. मी खोटं काहीच बोललो नाही. त्यावर तुझ्या सासूबाई, सुंदराबाई, म्हणाल्या, “तुमच्याकडे बापाला खायला परवानगी लागते का?” आणि तू स्वयंपाकघरात निघून गेलीस. मला वाटतं एवढंच झालं.

दुसरी गोष्ट. सव्वीस जानेवारीला सोसायटीचा झेंडा यंदा बाबांच्या हस्ते आहे. नंतर ते संविधानाची उद्देशिका वाचणार आहेत, नव्या डोळ्याने. मी म्हटलं, नीरूला फोनवर बोलवा. तर म्हणाले, “मी काहून बोलवू? ताटली कोणी ओढली?”

तर मी बोलावतो आहे. ये. आणि तेवढी सफरचंदांची कृती कळव.

तुझा,
दादा

विश्रांतवाडी
शनिवार, १२ जानेवारी २०१९

प्रिय नीरू,

उत्तर आलं नाही. बाबांच्या मते पत्र गुरुवारी पोचलं. ते म्हणतात हिंजवडीचं टपाल आता वेळेवर जातं, माणसंच जात नाहीत.

मागचं पत्र मी मनात पुन्हा वाचलं. ‘ताटली बाजूला केली’ असं लिहिलं आहे. बाबा ‘ओढली’ म्हणतात. मी मैत्रीला विचारलं. ती म्हणाली, “तू ओढलीस. ताटलीतला चमचा खाली पडला, तो मी उचलला.” तेव्हा ‘ओढली’ असं वाच.

तू कृती कळवली नाहीस म्हणून आज मी अंदाजाने सुरुवात केली. कुकर माळ्यावरून काढला, पुसला. खोक्यात माहितीपुस्तिका होती. ती मी उघडली नाही. हे लिहिताना लाज वाटते. गेली अठरा वर्षं मी पगार घेऊन माहितीपुस्तिकाच लिहितो, हल्ली खराडीत बसून लिहितो, आणि लोक त्या न वाचताच बटणं दाबत सुटतात, यावरून घरी जेवताना चिडतो. पण कुकरच तो! आईच्या हाताखाली आपण दोघं भात लावायला शिकलो. मला कुकर कोण शिकवणार?

सोलाण्याच्या टोकाने सफरचंदं कोरली. चारपैकी तीन तळाशी आरपार गेली. सारण म्हणून मैत्रीचं तीळगुळाचं मिश्रण घेतलं. (हे चाचणीपुरतं. बाबांना देणार नव्हतो.) सफरचंदं भांड्यात उभी केली, झाकण फिरवलं, बटण दाबलं आणि शिट्टीची वाट बघत बसलो. एक शिट्टी झाली की बारीक करायचं, असं ठरवलं होतं. काय बारीक करणार होतो ते आता सांगता येत नाही.

पंचवीस मिनिटांनी खालच्या मजल्यावरच्या सोजरबाई वर आल्या. त्या मूळच्या चऱ्होलीच्या, आणि आमच्या घराचं वेळापत्रक त्यांना आमच्या शिट्ट्यांवरून पाठ आहे.

“दादा, ग्यास संपला काय? सकाळधरनं एक शिट्टी न्हाई तुमची.”

“हा विजेवरचा आहे. याला शिट्टी नसते.”

“शिट्टी न्हाई? मग शिजलं त्ये त्याला कळतंय. आपल्याला कसं कळायचं?”

अठरा वर्षांत माझ्या एकाही पुस्तिकेबद्दल इतका नेमका प्रश्न कोणी विचारलेला नाही.

तेवढ्यात कुकरच्या पडद्यावर ‘बर्न’ असा शब्द आला. मला वाटलं हा त्याच्या कार्यक्रमांपैकी एखादा असेल, म्हणून मी आणखी पाच मिनिटं थांबलो. मग वास आला. मैत्री आतून म्हणाली, “पाणी घातलं होतंस ना?”

नव्हतं घातलं. आरपार गेलेल्या भोकांतून गूळ खाली उतरला होता आणि सफरचंदं त्यात रोवली गेली होती. एक उपटलं तर त्याचं बूड भांड्यातच राहिलं. सोजरबाईंनी पदर नाकाला लावला. जाताना मी त्यांना सहा चांगली, न शिजवलेली सफरचंदं दिली. त्या तोंड भरून हसल्या. माझी सहा कमी झाली म्हणून मीही हसलो.

बाबांनी विचारलं, “झालं का?”

“चाचणी चालू आहे.”

“नीरजाचं एका फटक्यात झालं होतं.”

यावर मी काही बोललो नाही. हेही नोंदवतो, कारण मी गप्प बसल्याच्या नोंदी फारशा नाहीत.

भांडं भिजत घातलं आहे.

दादा

विश्रांतवाडी
बुधवार, १६ जानेवारी २०१९

प्रिय नीरू,

अजून उत्तर नाही. मी रोज कामावरून आल्यावर खालची पत्रपेटी बघतो. बाबा वरून ओरडतात, “डाक बारा वाजताच येऊन गेली!” तरी बघतो.

आज सुट्टी घेतली होती. सकाळी सोसायटीचे अध्यक्ष रंगराव बाबांना भेटायला आले. हातात पिशवी. पिशवीत सफरचंदं. बाबांनी एक हातात घेतलं, मोकळ्या डाव्या डोळ्याजवळ नेलं आणि म्हणाले, “अन्या, हे अक्षर ओळखीचं वाटते.”

स्टिकरवर ‘४/१’ लिहिलं होतं. माझ्या अक्षरात. दुसऱ्यावर ‘५/१’.

मी सोजरबाईंना दिलेली सफरचंदं सोजरबाईंनी बी विंगमधल्या बाळंतिणीला नेली, बाळंतिणीच्या सासूने ती पाय मुरगळलेल्या रंगरावांच्या मेव्हण्याला नेली, आणि मेव्हण्याकडून ती आज रंगरावांबरोबर माघारी आली. चार दिवसांत तीन घरं फिरली, कोणी एक चावा घेतला नाही. बाबांना आनंद झाला. म्हणाले, “पत्ता बरोबर असला की वस्तू पोचते.”

रंगरावांना काय खायला द्यावं? मी सकाळीच दुसरा प्रयोग लावला होता. या वेळी भांड्यात पाणी होतं. गूळ टाळून सारणात ओट्सचं पीठ आणि बाबांच्या शुगर-फ्रीच्या नऊ गोळ्या कुटून घातल्या होत्या. वेळ वीस मिनिटं दिली, कारण मागच्या वेळी पंचवीसला जळलं होतं. झाकण निघेना, म्हणून मी लाटण्याने झाकणावरचं वाफ सोडायचं बोंडूक एका बाजूला ढकललं. वाफेचा फवारा थेट भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेला. एप्रिलपर्यंतची पानं एकमेकांना चिकटली आहेत. आत सफरचंद नावाची वस्तू उरली नव्हती. साली वर तरंगत होत्या.

मैत्रीने ते वाट्यांत घातलं. तिचा चेहरा बँकेत कॅश मोजताना असतो तसा होता.

रंगरावांनी एक चमचा घेतला. बराच वेळ तोंडात ठेवला. “छान आहे. काय म्हणायचं याला?”

“भरलेलं सफरचंद,” मी म्हणालो.

“कशात भरलेलं?”

बाबांनी चाखलं आणि वाटी खाली ठेवली. “औषध आहे का हे? जेवणाआधी घ्यायचं का नंतर?”

मग रंगराव झेंड्याबद्दल बोलले. खुर्च्या किती, मायक्रोफोन कुठून, आणि उठताना म्हणाले, “बापूराव, घरचे सगळे असतील ना? लेकही येतेय ना हिंजवडीहून?”

बाबा माझ्याकडे पाहत राहिले. एकच डोळा, पण बराच वेळ.

“पत्र टाकलं आहे,” मी म्हणालो.

रंगराव गेल्यावर मी २०१७ ची डायरी काढली. चौदा मेच्या पानावर दोन वाक्यं आहेत: ‘नीरूचं घर छान, हवेशीर. बाबांची साखर सांभाळली.’ चाळीस लोकांसमोर काय झालं ते मी लिहिलेलं नाही. बाबांच्या हातात काटा होता आणि ताटली गेल्यावरही तो तसाच हवेत राहिला होता, तेही नाही. मी रोज डायरी लिहितो, प्रामाणिकपणे लिहितो, असं मला वाटतं. मग त्या पानावरून बाबांचा हात कसा सुटला? आणि ताटली देताना तू एक शब्द म्हणाली होतीस, तोही तिथे नाही. आज दुपारी भांडं घासताना तो आठवला. तू म्हणाली होतीस, “बाबा, हे तुमच्यासाठी वेगळं.”

वेगळं म्हणजे काय, हे मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारतो. वेगळं म्हणजे काय, नीरू?

संध्याकाळी बाबांना म्हटलं, मी खरं तेच बोललो होतो, आपल्याकडे असत्य न बोलण्याचं शील आहे. ते म्हणाले, “ते चौथं. पहिलं कोणाला न दुखवायचं आहे. तू मधूनच मोजाले सुरुवात केली.”

दादा

विश्रांतवाडी
रविवार, २० जानेवारी २०१९

प्रिय नीरू,

हे पत्र नीट बसून लिहितो आहे. हसू नकोस. किंवा हस, पण शेवटपर्यंत वाच.

शुक्रवारी डॉक्टरांनी बाबांना थोडं थोडं वाचायला परवानगी दिली. तेव्हापासून ते घरातलं प्रत्येक छापील अक्षर वाचत सुटले आहेत. टूथपेस्टची नळी वाचली. विजेचं बिल मागून पुढून वाचलं. मैत्रीच्या शाम्पूच्या बाटलीवर एक व्याकरणाची चूक काढली. पोस्टातलं ते पितळी दांडीचं भिंग घेऊन काल दुपारी ते स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, “या यंत्राचं पुस्तक दे.”

“बाबा, ते इंग्रजीत आहे.”

“तार काय मोडीत यायची का?”

दिलं. मी तिसऱ्या प्रयोगासाठी सफरचंदं धूत होतो. ते डायनिंग टेबलाशी बसून मोठ्याने वाचू लागले. सुरक्षिततेच्या सूचना, एक ते चोवीस. सगळ्या. मग भागांची नावं. लाटण्याने ढकललेल्या त्या बोंडकाचं नाव आल्यावर थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पान उलटलं आणि त्यांचा आवाज थांबला.

पान बारा आणि तेराच्या मध्ये एक निळं अंतर्देशीय पत्र होतं. न चिकटवलेलं. त्यावर पत्ता नव्हता, फक्त ‘दादास’.

बाबांनी ते उघडलं नाही. दुसऱ्याच्या नावाचं पत्र ते उघडत नाहीत. दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. मी हात पुसले आणि उघडलं. तू काय लिहिलं होतंस ते तुला आठवत असेल, तरी मी पुन्हा लिहितो, म्हणजे ते मला पोचलं हे तुला कळेल.

‘दादा, रागावले आहे, पण बाबांना ते सफरचंद आवडलं असतं. देठाकडून कोर, तळ फोडू नकोस. आत दोन खजूर, तीन अक्रोडाचे तुकडे, चिमूटभर दालचिनी. साखर, गूळ काही नाही. त्या दिवशीही नव्हतं. खाली वाटीभर पाणी, वर जाळी, तीन मिनिटं. वाफ आपोआप जाऊ दे, घाई करू नकोस. करून बघ आणि फोन कर. नीरू.’

साखर नव्हती. बाबांसाठी वेगळं म्हणजे ते. मी चाळीस लोकांसमोर ज्या साखरेचा बाऊ केला ती त्या ताटलीत नव्हतीच. आणि हे तू तिथेच एका वाक्यात सांगून मला खोटं पाडू शकली असतीस. तू स्वयंपाकघरात गेलीस.

(इथे मी एक वाक्य लिहून खोडलं आहे. खजुरातही साखर असते, असं काहीतरी होतं. तुला खोडलेलं दिसेलच, म्हणून कबूल करतो.)

मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी पत्राची घडी परत नीट घातली. मग म्हणाले, “ती मले म्हणे, दादाला पत्र दिलं, त्याचं उत्तर नाही. मी समजलो पोस्टानं दिलं. तुला विचारलं, पत्र आलं का? तू नाही म्हणाला.”

“आलं नव्हतं बाबा. म्हणजे, मला माहीत नव्हतं.”

“इथल्या पोस्टमनशी मी दोन महिने बोललो नाही, अन्या. म्हटलं यानंच हरवलं.” त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं. “छत्तीस वर्षं माझ्या टेबलावर एक दिवस डाक राहिली नाही. अन् माझ्या घरात वीस महिने.”

नीरू, मी तुझा कुकर टोमणा समजलो. तो समेट होता, आणि त्यात पत्र होतं, आणि तू फोनची वाट बघत होतीस. तू ते पुस्तिकेत ठेवलंस, कारण जगात एक माणूस तरी पुस्तिका वाचतो असं तुला वाटलं आणि तो मी असेन असं वाटलं. माझ्याबद्दल इतका चांगला विचार दुसऱ्या कोणी केलेला नाही.

तेव्हा मागच्या तीन पत्रांतली सगळी स्पष्टीकरणं सोडून दे. ताटली ओढली याबद्दल माफ कर. न विचारता ओढली याबद्दल. बाबा म्हातारे आहेत म्हणून त्यांचा हात चारचौघांत तसाच राहू दिला याबद्दल. तुझ्या घरातल्या पहिल्या दिवशी तुला स्वयंपाकघरात जाऊन रडायला लावलं याबद्दल. तू रडलीस हे मैत्रीने मला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. मला ते माहीत होतं. पहिल्या पत्रात मी ते लपवलं.

सव्वीसला ये. नाही आलीस तरी ही माफी तशीच आहे, तिला तारीख घातलेली नाही.

आज सकाळी बाबा खाली जाऊन पोस्टमनच्या घराचा पत्ता विचारून आले. रविवार म्हणून तो भेटला नाही. त्याला द्यायला त्यांनी चार सफरचंदं बाजूला काढली आहेत. स्टिकर काढून टाकले आहेत.

दादा

विश्रांतवाडी
शुक्रवार, २५ जानेवारी २०१९

प्रिय नीरू,

तुझं पोस्टकार्ड आज बारा वाजता आलं. पोस्टमन स्वतः वर घेऊन आला. बाबा दारातच उभे होते. दोघं जिन्यात पाऊण तास बोलत होते. त्याने सफरचंदं घेतली नाहीत. म्हणाला, मामा, माझ्या घरी आठ पडलीत, बायकोची दाढ काढली.

तू लिहिलं आहेस: ‘झेंड्याला येते. सासूबाई पण येणार म्हणतात. तुझ्याशी बोलेनच असं नाही. सफरचंदं तू करून ठेव. साखर घालू नकोस.’

हे कार्ड मी सहा वेळा वाचलं. बाबांनी भिंगाने वाचलं आणि म्हणाले, “अक्षर बिघडलं हिचं. कॉम्प्युटर.” मग ते खिशात ठेवलं. पत्ता माझ्या नावाचा आहे, पण मी काही बोललो नाही.

हे पत्र आता पोस्टाने पोचणार नाही, आणि उद्या पोस्टही बंद. तू बोलणार नसशील तर तुझ्या हातात द्यायला काहीतरी असावं म्हणून लिहितो आहे. बाबांना विचारलं, समोरच्या माणसाला पत्र द्यायचं तर तिकीट लावायचं का? ते म्हणाले, “जो स्वतः पोचवते त्याले तिकीट लागत नाही.”

कालच्या प्रयोगाचं सांगतो. पुस्तिका मी पहिल्या पानापासून वाचली. चांगली लिहिली आहे. पान सातवर एक पायरी चुकली आहे, ती मी पेन्सिलने दुरुस्त केली. मग तुझ्या चिठ्ठीप्रमाणे केलं. तळ फोडला नाही. दोन खजूर, तीन अक्रोड, दालचिनी. वाटीभर पाणी, जाळी, तीन मिनिटं. तीन मिनिटांनी कुकरने बारीकसं ‘पीं पीं’ केलं आणि मी लाटण्याकडे हात नेला. मैत्रीने लाटणं उचलून बेडरूममध्ये ठेवलं. मग आम्ही तिघं टेबलाशी बसून वाफ जाण्याची वाट बघत राहिलो. शिट्टी नाही, आवाज नाही. फक्त झाकणातली ती चिमुकली पिन एकदा खाली बसली. खालून सोजरबाईंनी हाक मारली, “झालं काय वो?” बाबांनी गॅलरीतून उत्तर दिलं, “झालं! कळलं आम्हाला!”

सफरचंद सालीसकट अख्खं होतं, जरासं सुरकुतलेलं, बाबांसारखं. काट्याने दाबलं तर मऊ. बाबांनी अर्धं खाल्लं. मी आकडा विचारला नाही. आज सकाळी त्यांनी स्वतःच बोट टोचून मोजलं आणि यंत्र माझ्या ताटाजवळ ठेवलं, पडदा खाली करून. मी ते उलटं करून बघितलं नाही. (दहा मिनिटं. मग बघितलं. बरा होता.)

“नीरजासारखं झालंय का?” मी विचारलं.

“जवळ गेलं,” ते म्हणाले. “तिचं तिनं वाढलं होतं.”

म्हणून उद्याचं असं ठरलं आहे. साडेआठला झेंडा, मग उद्देशिका. बाबा तीन दिवस आरशासमोर वाचत आहेत. ‘बंधुता’ आली की मुद्दाम मोठ्याने म्हणतात, कारण माझी खोली शेजारीच आहे. मग सगळ्यांना क्लब हाउसमध्ये चहा. माझी बारा सफरचंदं तयार असतील. सुंदराबाई समोरच्या खुर्चीवर असतील, रंगराव असतील, सोजरबाई असतील, सगळे मिळून चाळीसच्या आसपास माणसं. त्या दिवशी होती तेवढीच.

भांडं घासून ठेवलं आहे. सफरचंदं पुसून ठेवली आहेत. स्टिकर सगळे काढले.

उद्यासाठी नोंद: पहिली ताटली नीरूकडे देणे, तिने बाबांना वाढेपर्यंत दोन्ही हात मागे ठेवणे.